दफनभूमीची देखभाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गटाला जुन्या दफनभूमीत श्रमदान करायची परवानगी मिळाली आहे. एका सुट्टीत वीसजण मिळून सगळ्या शिळा धुऊन काढायचा विचार आहे. काय काय सोबत न्यावं?

उत्तर : बेत बदला. घाईत घासलेल्या शिळेवरची अक्षरं पुन्हा येत नाहीत. पहिला दिवस फक्त पाहणीला द्या : प्रत्येक शिळेला क्रमांक द्या, समोरून आणि मागून फोटो घ्या. दगडावरून बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले, पोपडे सुटलेले दिसले किंवा बोटाने हलकेच वाजवल्यावर आवाज पोकळ आला, तर ती शिळा धुवायची नाही. यादीत तशी नोंद करून पुढे जा.

धुण्यासाठी साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि स्पंज एवढं पुरतं. मध्यम आकाराच्या शिळेला दोन बादल्या तरी पाणी लागतं. दगड आधी पूर्ण भिजवा. कोरडा दगड मळकं पाणी आत ओढून घेतो. मग खालून वर घासत जा. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या भागात मुरतात आणि डाग राहतात. थोडा भाग घासला की लगेच धुवा. दगडफूल, म्हणजे दगडाला चिकटून वाढलेली पापडी, भिजवून मऊ होऊ द्या आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढा. निघत नसेल तर राहू द्या, कारण ओढून काढताना त्याला चिकटलेला दगडाचा थरही सोबत येतो.

व्हिनेगर आणि कोणतंही आम्ल संगमरवर व चुनखडी विरघळवतं. ब्लीचमधले क्षार दगडाच्या छिद्रांत बसतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर फुटतो. तारेच्या ब्रशचे कण अडकून गंजतात. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र तर आवारात आणूच नका. आणि शिळा नव्यासारखी पांढरी दिसावी हा हट्ट सोडा. जुन्या दगडाचा रंग हा मळ नव्हे.

प्रश्न : झिजलेली अक्षरं वाचण्यासाठी खडू किंवा दाढीचा फेस लावावा, असं कोणी सुचवतं. चालेल का?

उत्तर : नाही. फेसातली स्निग्ध आम्लं छिद्रांत राहतात आणि खडू घासताना अक्षरांच्या कडा झिजतात. त्याऐवजी आरसा वापरा. एकाने शिळेच्या बाजूला उभं राहून आरशातलं ऊन पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाडायचं, दुसऱ्याने फोटो घ्यायचे. आरसा थोडा थोडा फिरवत पाच-सहा फोटो घेतले की एकात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं. ऊन नसेल तर संध्याकाळी बॅटरी बाजूने धरा.

मजकूर दोघांनी वेगवेगळा उतरवावा आणि नंतर ताडून पाहावा. शुद्धलेखनाची मूळ चूक तशीच ठेवा, ओळ संपते तिथे उभी रेघ द्या, न वाचता आलेली जागा चौकटी कंसात दाखवा. सालातल्या इंग्रजी 3 आणि 8 ची गल्लत फार होते, म्हणून अंदाजाने अंक भरू नका.

प्रश्न : एक शिळा कलली आहे. चार तरुण मिळून ती सरळ करून सिमेंट भरतील का?

उत्तर : भरू नका. १.२ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड संगमरवराचं वजन १९० किलोंच्या पुढे जातं. भोवती दोरी बांधा, मुलांना लांब ठेवा, जाणकार संवर्धकाला बोलवा. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. मग ओल दगडातूनच वाट काढते आणि जोड शाबूत राहून शेजारचा दगड फुटतो. जुन्या बांधकामाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, चुन्यानेच भरायच्या.

प्रश्न : पहिल्या दिवशी गर्दी होते, नंतर कोणी फिरकत नाही.

उत्तर : महिन्याचा ठरावीक दिवस आणि फक्त दोन तास ठेवा. ज्यांना वाकणं जमत नाही त्यांना नोंदी ताडून पाहायला द्या. हे काम सगळ्यात जास्त साचतं. गवत कापणाऱ्यांना एकच नियम : यंत्र शिळेपासून वीतभर दूर, तेवढी पट्टी विळ्याने कापायची. फटीतलं झुडूप उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं. मुळांबरोबर बांधकाम उचकटतं. तणनाशक मारू नका, त्यातले क्षारही दगडात मुरतात.