दीर्घकथा ऑनलाइन प्रसिद्ध कराव्यात की प्रकाशकाची वाट पाहावी?

तुमच्या दीर्घकथा तयार आहेत, प्रकाशक महिनोन्महिने उत्तर देत नाहीत, म्हणून त्या सरळ ऑनलाइन प्रसिद्ध कराव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते माध्यमाचा निर्णय नंतरचा आहे. त्या कथांचे संपादन कोण करणार, हे आधी ठरवा.

‘सत्यकथा’ मासिकाचा दबदबा केवळ छापील असण्यामुळे नव्हता. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाला पत्रे लिहीत, कथेतली सैल जागा दाखवीत आणि पुनर्लेखन करून घेत. या चोखंदळपणाची दुसरी बाजूही होती. त्या अभिरुचीत न बसणारे पुष्कळ लेखन बाहेर राहिले आणि साठच्या दशकात ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ यांसारखी अनियतकालिके, म्हणजे ठरावीक वेळापत्रक नसलेली छोटी नियतकालिके, निघाली. त्याआधी १९५४ मध्ये ‘शब्द’ या अनियतकालिकाने ती वाट दाखवली होतीच. त्यांच्या प्रती मोजक्या निघत, पैसा पदरचा असे, तरीही मराठी कवितेची दिशा त्यांनी बदलली. प्रस्थापित प्रकाशनाबाहेरही गंभीर साहित्य घडते याचा याहून भक्कम पुरावा मला ठाऊक नाही. मात्र ती मंडळी एकमेकांचे लेखन कठोरपणे वाचत आणि त्यावर भांडत; ‘असो’ काढणारे अशोक शहाणे यांची मुद्रणातली काटेकोर नजर तर सर्वश्रुत आहे. म्हणजे तिथेही संपादक होता, फक्त तो पगारी नव्हता.

ऑनलाइन लेखनात नेमका तोच गळतो. तासाभरात प्रतिसाद येतात, त्यांतले काही मार्मिकही असतात, परंतु ते बहुधा एका भागापुरते असतात, आणि पुढचा भाग त्या प्रतिसादांकडे पाहून लिहिण्याचा मोह टाळणे फार अवघड जाते. कविता किंवा छोटा ललितलेख हे सोसतो. साठ पानांची कथा सोसत नाही.

टिकाऊपणाचेही पाहा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवायची असते. संकेतस्थळावरच्या कथेला असा आधार नाही. फुकट संकेतस्थळे देणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये आणि गूगल प्लस हे समाजमाध्यम २०१९ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचे लेखन गेले. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमधले कितीतरी मराठी लेखन आज उघडले तरी वाचता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: सर्वांत पक्की वाटणारी एक कथा दिवाळी अंकाकडे पाठवा, पण दिवाळीच्या पाच-सहा महिने आधी, आणि तोवर ती कोठेही टाकू नका, कारण पूर्वप्रकाशित साहित्य बहुतेक संपादक घेत नाहीत. बाकीच्या कथा, तुमची भीड न बाळगणाऱ्या एखाद्या वाचकाला सलग वाचायला द्या. नंतर प्रकाशक मिळाला तर करार लेखी करा आणि ई-पुस्तक व श्राव्य पुस्तक यांचे हक्क त्यात वेगळे नमूद करा. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिले नसेल, तर आपला स्वामित्वहक्क कायदा ती मुदत पाच वर्षे धरतो; तरीही मुदत स्वतः लिहून घेतलेली बरी. प्रकाशक मिळालाच नाही, तर संपादित संग्रह ई-पुस्तक म्हणून काढा आणि मागणीनुसार छपाईची सोय वापरून थोड्या प्रती ग्रंथालयांसाठी जरूर छापून घ्या.