जादूचं वादळ, पण भरती कितीची?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत फँटसी लिहिणाऱ्यांचीच गर्दी, आणि त्यातही बहुतेकांच्या कादंबरीत समुद्र खवळलाय. पावसाळा तोंडावर आला की मुंबईकरांना असंच सुचत असावं. तर या वेळी प्रेमकथा, मानधन आणि 'प्रकाशक फोन उचलत नाहीत' हे सगळं बाजूला, फक्त वादळ.

प्रश्न : मी सात बेटांच्या एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितेय. तिसऱ्या प्रकरणात शापित वादळ येतं. काळे ढग, जांभळ्या विजा, डोंगराएवढ्या लाटा, लाटांत चेहरे, सगळं आहे. मैत्रिणींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या भारी आहे, पण भीती नाही वाटली. अजून काय घालू? (एक वाचक, विलेपार्ले)

काही घालू नका हो, काढा. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत पहिल्याच परिच्छेदात आकाश जांभळं, दुसऱ्यात लाटेला दात, तिसऱ्यात मेलेली आजी पाण्यातून हाक मारतेय. वाचकाने तुमचा नेहमीचा समुद्र बघितलेलाच नाही, मग आज काहीतरी बिघडलंय हे त्याला कळणार कसं? माझं सरळ म्हणणं आहे, वादळ अलौकिक असेल तर त्यातलं बाकी सगळं लौकिक ठेवा, अगदी हवामान खात्यातला माणूससुद्धा मान डोलावेल इतकं, आणि नियम एकच मोडा. आणि तो मोडलाय हे जादूगाराच्या नाही, जो रोज त्या पाण्यावर जातो त्याच्या लक्षात येऊ द्या.

खरं वादळ येतं कसं ते बघा. वाऱ्याच्या आधी लाट येते. वादळ शेकडो किलोमीटर लांब, इथे आकाश स्वच्छ, जुहूला लोक भेळ खातायत, आणि पाणी मात्र जड झालेलं असतं. एरवी सात-आठ सेकंदांनी फुटणारी लाट आता चौदा-पंधरा सेकंदांनी यायला लागते, उंच नसते फार, पण लांबलचक असते आणि फुटताना आवाज खालून कुठूनतरी येतो. या लांब लाटा वादळाच्या पुढे पळत येतात. केरळच्या किनाऱ्यावर तर कधीकधी वारा नाही, ढग नाही आणि समुद्र सरळ घरांत शिरतो, कारण हजारो किलोमीटर खाली दक्षिणेच्या महासागरात काही दिवसांपूर्वी वादळ झालेलं असतं. तुमच्या प्रकरणाची पहिली दोन पानं एवढ्यावरच निघतील, एकही वीज न पाडता.

मग तांडेल आणा, म्हणजे बोट ज्याच्या हुकमाने चालते तो. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र डाव्या हाताला, जरासं पुढे असतं. जहाजांवर हा नियम एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. तर तुमचा तांडेल उभा राहतो, वारा पाठीवर घेतो, डावा हात लांब करतो. बोट गावाच्या उत्तरेला आहे, हात दक्षिणेकडे. ठीक, तो सुकाणू फिरवायला सांगतो, तास-दोन तास बोट हाकतात, आता ते गावाच्या पश्चिमेला आलेत. तो परत वारा पाठीवर घेतो आणि हात पूर्वेकडे जातो. दोन्ही वेळेला रोख गावावर. म्हणजे वादळ समुद्रात नाहीच, ते गावावर बसलंय, आणि हलत नाहीये. खरं वादळ जमिनीवर चढलं की त्याचं गरम पाणी तुटतं आणि ते मरायला लागतं, हे मात्र जमिनीवर बसून वाढतंय. तांडेल हात खाली घेतो, कुणाला काही सांगत नाही, फक्त सगळ्यात लहान पोराला जवळ येऊन बस म्हणतो. मला तरी लाटेच्या दातांपेक्षा याची भीती जास्त वाटेल.

जांभळ्या विजा तर काढाच. डोलकाठीच्या टोकावर निळसर-जांभळी आग खरोखरच पेटते, हवेत वीज इतकी साठते की टोकदार वस्तूंवर ती झगमगत राहते, बारीक सूं सूं आवाज येतो आणि लाकूड जळत नाही. जुन्या खलाशांनी त्याला देवाची खूण मानलं. जे असतं तेच इतकं विचित्र आहे तर आपण कशाला रंग काढत बसायचं?

आणि 'वादळ फक्त एकाच बेटावर कोसळतं हे कुणाला पटेल का' असं जे तुम्ही खाली पुस्ती जोडून विचारलंय, तर तुम्ही पार्ल्याच्या, तुम्ही हे विचारावं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर. साउथ बॉम्बेतल्या लोकांना संध्याकाळपर्यंत कळेना की घरची माणसं फोन का उचलत नाहीत. हे कादंबरीत लिहिलं असतं तर एडिटर म्हणाला असता अतिशयोक्ती आहे, कापा.

प्रश्न : माझ्या स्टोरीतलं वादळ उलटं, म्हणजे क्लॉकवाइज फिरतं, कारण ते दुसऱ्या जगातलं आहे. कूल आहे ना? (एफवायबीए, ठाणे)

कूल आहे, पण आपल्याच जगात विषुववृत्ताच्या खाली सगळी चक्रीवादळं तशीच फिरतात, त्यामुळे नुसतं उलटं फिरवून दुसरं जग होत नाही रे. तुझ्या जगात उलटं फिरणं कुणाला अडचणीत आणतं ते शोध. वर तांडेलचं लिहिलंय ते वाच, त्याचा डावा हात चुकीचा ठरेल आणि तो अख्खी बोट सरळ वादळात घालेल, स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर. ही झाली स्टोरी. आणखी एक, चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं गरम पाणी लागतं आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पाचेक अंशांच्या आत, ते सहसा तयारच होत नाही, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ तिथे पुरत नाही. म्हणजे तुझ्या चेटकिणीला हात वर करून मंत्र म्हणायची गरजच नाही, तिने गुपचूप समुद्र तापवला की झालं. कोळणीला मे महिन्यात पाण्यात पाय घातल्यावर कळावं, हे पाणी नेहमीपेक्षा गरम आहे, मासळी खोल गेलीय. मग वाट बघ.

प्रश्न : नायक वादळाच्या डोळ्यात शिरतो, तिथे पाणी तळ्यासारखं शांत आहे आणि समुद्रदेवता भेटते. हा सीन बरोबर आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

वारा शांत, हे बरोबर. डोळा, म्हणजे वादळाचा मधला भाग, साधारण तीस ते साठ किलोमीटर रुंद असतो, वर कधीकधी निळं आकाशसुद्धा दिसतं. पण पाणी शांत नसतं, उलट तिथे समुद्र सगळ्यात बेभरवशाचा, कारण चारी बाजूंनी आलेल्या लाटा एकमेकींवर आपटतात, त्यांना दिशाच नसते, बोटीने नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठल्या लाटेकडे करायची तेच कळत नाही. आणि डोळा सरकला की वारा एकदम उलट्या बाजूने येतो.

पण थांबा, सीन फेकू नका. तुमच्या खलाशांना हे सगळं माहीत आहे असं आधीच्या प्रकरणात दाखवा. म्हाताऱ्या खलाशाने पोरांना बजावलेलं असू दे, डोळ्यात वारा पडला तरी दोरी सोडायची नाही, खरा मार तिथेच आहे. मग ते आत शिरतात, सगळे दोऱ्या आवळून डोळे मिटून बसलेत, आणि काहीच होत नाही. पाण्यावर सुरकुती नाही. तुमचं ते तळं आता कुणालाच सुंदर वाटणार नाही, आणि देवता आली नाही तरी ती तिथे आहे हे समजलं. मी तर म्हणेन येऊच नका देऊ तिला. तिचे संवाद तसेही जरा सिरियलसारखे झालेत, राग मानू नका.

प्रश्न : शेवट जमत नाहीये. राजपुत्र मंत्र म्हणतो आणि वादळ थांबतं, हे फार सोपं होतंय असं सगळे म्हणतात. पण परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवलाच ना? (एक वाचक, गिरगाव)

हटवला, आणि कोकण मिळालं, पण त्या गोष्टीत बाण ही शेवटची कडी आहे, त्याआधी केवढं रक्त सांडलंय आणि सगळी जमीन दान करून माणूस स्वतः बेघर झालाय. तुमच्या राजपुत्राने मंत्रासाठी काय घालवलं? तुम्ही पाठवलेल्या गोषवाऱ्यात तर तो मंत्र त्याला गुहेत आयता मिळतो.

गिरगावात राहता तर घराजवळचीच गोष्ट बघा. अठराव्या शतकात इंग्रजांनी महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खाडी बंद करायला बांध घालायला घेतला, हॉर्नबी वेलार्ड म्हणतात तो, आज हाजी अलीवरून वरळीकडे बस जाते ती त्याच्यावरूनच. दंतकथा अशी की बांध घालावा आणि समुद्राने तो पाडावा, परत घालावा, परत पाडावा. मग कामावरच्या एका पाठारे प्रभू इंजिनीअरच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली मी इथे पाण्यात पडलेय, मला बाहेर काढ. शोध घेतला, मूर्ती सापडल्या, बांध उभा राहिला आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं.

या गोष्टीत समुद्राला कुणी हरवलं नाही हे बघा. समुद्राचं काहीतरी म्हणणं होतं, ते कुणीतरी ऐकलं, आणि व्यवहार झाला. देवीला देऊळ, कंपनीला रस्ता. (खाडीतल्या मासळीचं काय झालं ते दंतकथेत येत नाही, आणि खरं तर तुमची कादंबरी तिथून सुरू होऊ शकते.) तर राजपुत्राला मंत्र देऊ नका, त्याला विचारू द्या की या वादळाला हवंय काय. आणि जे हवंय ते देणं त्याला परवडू नये, त्याच्याच आजोबांनी समुद्राकडून लाटलेलं काहीतरी असावं. समुद्र तसाही हिशोब ठेवतो, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा गेटवेपाशी लाटांनी आपलाच कचरा ढिगाने परत आणून टाकला होता. तुमच्या जगात त्याने काय परत आणून टाकावं ते तुम्ही ठरवा. थांबलेल्या वादळापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर काय पडलंय याचं प्रकरण मला वाचायला जास्त आवडेल.

प्रश्न : माझे खलाशी कोळी बोली बोलतात असं दाखवू का? मी स्वतः कोळी नाही. (एक वाचक, दादर)

बोली कानावर नसेल तर नका करू, दोन वाक्यांत उघडं पडतं आणि मग ते चेष्टा केल्यासारखं दिसतं. पण कामाचे शब्द जरूर घ्या, ते वाचकाला आपोआप बोटीवर नेतात: नाखवा (बोटीचा मालक), तांडेल, डोलकाठी, शीड, नांगर, उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), पहाटेचा मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, हे तर चुकवूच नका. एका ड्राफ्टमध्ये मी चतकोर चंद्राच्या रात्री वर्षातली सगळ्यात मोठी भरती वाचली आणि पुढची जादू मला पटेचना. तुमच्या जगात दोन चंद्र असतील तर मात्र मजा आहे, दोन्ही एका रेषेत आले की काय होईल याचं कॅलेंडर आधी कागदावर बनवा. आणि वर्सोव्याला किंवा वरळी कोळीवाड्यात जाऊन कुणाशीतरी बोला, जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी विणत बसलेल्या माणसाला गप्पांना वेळ असतो. वही काढू नका लगेच.

प्रश्न : वादळाला नाव द्यावं का? (एक वाचक, पनवेल)

द्या की. आपल्याकडच्या चक्रीवादळांची नावं १३ देशांनी मिळून आधीच देऊन ठेवलेली असतात आणि ती रांगेने वापरतात, निसर्ग बांगलादेशने दिलेलं, तौक्ते म्यानमारने. तुमच्या जगात ही यादी कुणाकडे आहे ते ठरवा, आणि यादीत नसलेलं नाव एखाद्या भिंतीवर आधीच लिहिलेलं सापडलं तर पहिलं प्रकरण मला पाठवा, पण पंधरा पानांच्या आत.