आइसलँडचं २००८ चं पदक नशिबाचं नव्हतं

तुमचा प्रश्न असा आहे की तीन लाखांच्या थोड्याशा वर वस्ती असलेल्या देशाने बीजिंग ऑलिंपिकला पुरुषांच्या हँडबॉलमध्ये रौप्य मिळवलं, तो निव्वळ नशिबाचा खेळ होता का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. उलट नशिबाने दार उघडून दिलं ते आधी दोनदा, आणि दोन्ही वेळा पदक हुकलं.

पहिली वेळ १९८४ ची. पूर्व युरोपातल्या देशांनी लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला, त्यामुळे आइसलँडला जागा मिळाली आणि संघ सहावा आला. दुसरी १९९२ ची. युगोस्लाव्हियावर बंदी आली, बदली म्हणून आइसलँड बार्सिलोनाला गेला आणि थेट उपांत्य फेरीत पोहोचला. कांस्यपदकाच्या सामन्यात फ्रान्सने हरवलं. तीन वर्षांनी आइसलँडने स्वतःच्या घरी विश्वचषक भरवला. यजमान लवकर बाद झाले आणि राजधानी रेक्याविकमध्ये पहिलं जगज्जेतेपद कुणी उचललं, तर फ्रान्सनेच. हे मुद्दाम सांगतोय, कारण बीजिंगच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच फ्रान्स होता.

मधल्या काळातलं १९८९ लोक विसरतात. सोल ऑलिंपिकनंतर संघ 'ब' गटाच्या, म्हणजे दुसऱ्या स्तराच्या, विश्वचषकात घसरला होता. प्रशिक्षक पोलंडचे बोगदान कोवालचिक. फ्रान्समध्ये झालेली ती स्पर्धा आइसलँडने जिंकली, तीही अंतिम सामन्यात पोलंडलाच हरवून. त्या पिढीने देशाला या खेळाचं वेड लावलं असं मला वाटतं. तिथला हिवाळा लांब आणि अंधारा, बाहेर मैदानी खेळ अवघड. ४० बाय २० मीटरचं छपराखालचं मैदान मात्र वर्षभर चालू राहतं. गावोगावच्या क्लबांत लहान मुलं आणि राष्ट्रीय संघातले खेळाडू एकाच हॉलमध्ये सराव करताना दिसतात.

२००२ च्या युरोपियन स्पर्धेत संघ चौथा आला. ओलाफुर स्टेफान्सन त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. डावखुरा, आणि पास देताना बचावपटूंना अखेरपर्यंत अंदाज येऊ न देणारा. २००६ मध्ये पात्रता फेरीत स्वीडनला हरवलं. ज्या स्वीडनचा या संघाने वर्षानुवर्षं धसका घेतला होता, तो २००७ च्या विश्वचषकातून बाहेर पडला. त्याच विश्वचषकात डाव्या विंगवरचा गुडयोन वालुर सिगुर्डसन सर्वाधिक गोल करून आला. एवढी तयारी झाल्यावर बीजिंग आलं.

तिथले निकालच बघा. साखळीत रशिया आणि तेव्हाचे जगज्जेते जर्मनी यांना हरवलं. कोरियाकडून एका गोलने हार, डेन्मार्क आणि इजिप्तशी ३२-३२ अशी बरोबरी. उपांत्यपूर्व फेरीत पोलंडवर ३२-३०, उपांत्य फेरीत स्पेनवर ३६-३०. अंतिम सामना फ्रान्सने २८-२३ असा घेतला. त्याआधी आइसलँडची ऑलिंपिक पदकं फक्त तीन होती आणि तिन्ही वैयक्तिक: तिहेरी उडी, ज्युदो, पोल व्हॉल्ट. संघ परतला तेव्हा रेक्याविकच्या रस्त्यांवर हजारो लोक स्वागताला उतरले. काही आठवड्यांतच देशाच्या बँका कोसळल्या. त्या पडत्या काळात, २०१० मध्ये, पोलंडला २९-२६ हरवून या संघाने युरोपियन कांस्य आणलं, याचं मला २००८ इतकंच मोल वाटतं.

पण माझ्या मते खरी कमाई प्रशिक्षकांची आहे. बीजिंगच्या संघाचे प्रशिक्षक गुडमुंडुर गुडमुंडसन यांनी २०१६ मध्ये डेन्मार्कला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. त्याच वर्षी डागुर सिगुर्डसन यांच्या हाताखाली जर्मनी युरोपियन विजेता झाला. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीला रौप्य मिळालं ते आल्फ्रेड गिस्लासन यांच्या मार्गदर्शनाखाली. नॉर्वेच्या महिलांचा सुवर्णकाळ घडवणारे थोरिर हेर्गेर्सनही आइसलँडचेच. एवढ्याशा देशातून एवढे प्रशिक्षक येतात, कारण तिथे खेळाडू विशीतच जर्मनी-डेन्मार्कच्या लीगमध्ये जातो, तिथलं शिकतो आणि घरी परतून शिकवतो.

आणि घराणीही चालतात. बीजिंगचा लोगी गेर्सन हा साठ-सत्तरच्या दशकांतल्या गेर हाल्स्टेन्सनचा मुलगा. आजचा गिस्ली थॉर्गेर क्रिस्टयान्सन ऐंशीच्या दशकातल्या क्रिस्टयान आरासनचा. २०२३ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात गिस्लीचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी तो अंतिम सामन्यात उतरला, त्याच्या माग्देबुर्ग या जर्मन क्लबने जादा वेळेत एका गोलने चषक जिंकला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

बघायला सुरुवात करायची असेल तर अंतिम सामन्याऐवजी स्पेनविरुद्धचा उपांत्य सामना शोधा. गोलरक्षक ब्योर्गविन पाउल गुस्टाव्सनकडे लक्ष ठेवा, आणि चेंडू अडवल्यावर प्रतिहल्ला किती झटपट सुरू होतो तेही बघा.