कोल्हापूर ते रत्नागिरी एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे का?

तुम्ही विचारले आहे की, डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने निघून रत्नागिरी, पावस आणि गणपतीपुळे पाहून रात्रीपर्यंत घरी परतता येईल का. बरोबर सत्तरीतले आई-वडील, पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा असेल आणि गाडी तुम्ही एकटेच चालवणार आहात. रत्नागिरी पाहून त्याच दिवशी परतता येईल. मात्र तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहण्याचा विचार सोडून द्यावा, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. माझे माहेर रत्नागिरीचे आणि सासर कोल्हापूरचे असल्यामुळे गेली एकवीस वर्षे मी या रस्त्याने जाते-येते आहे, आणि त्यातली शेवटची बारा वर्षे गाडी मी स्वतः चालवते. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

अशा सहलीचा आराखडा करताना बहुतेक जण सकाळी किती वाजता निघायचे येथून सुरुवात करतात. या रस्त्यासाठी हिशेब उलटा, म्हणजे परतीपासून मांडावा लागतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आंबा घाट चढून तुम्ही त्याआधी वर आलेले असले पाहिजे, ही पहिली अट. ती पाळायची तर घाटाच्या पायथ्याजवळच्या साखरप्याला सव्वाचारपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि साखरप्याला सव्वाचारला यायचे तर रत्नागिरी शहरातून तीन वाजता गाडी हलली पाहिजे. तीन ही वेळ पक्की धरा आणि बाकीचा सगळा दिवस तिच्या अलीकडे बसवा.

घाटात अंधार होऊ नये हे कारण तर आहेच, पण डिसेंबरात त्याहूनही मोठे कारण घाटाच्या वर, मलकापूर आणि कोल्हापूर यांच्यामध्ये असते. तो उसाच्या गळिताचा हंगाम असतो. कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत याच रस्त्याने चालतात, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ऊस बाहेर आलेला असतो आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी नसते. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर प्रकाश डोळ्यांवर असताना पुढची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. घाटातल्या वळणाला माणूस घाबरतो म्हणून सावध असतो. घाट संपल्यावर, घर जवळ आले या समाधानात, दिवसभराच्या थकव्याने तो सैल पडतो आणि नेमकी तेव्हाच ही ट्रॉली पुढे उभी ठाकते. त्यामुळे मलकापूर पावणेसहापर्यंत गाठावे, म्हणजे अंधारातला प्रवास फक्त शेवटच्या तासाभराचा राहतो, आणि तो तास पन्नासच्या वर वेग न नेता काढावा.

आता सकाळची बाजू. अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे. नकाशाचे अ‍ॅप तीन तासांच्या आसपासची वेळ दाखवील, पण चहा, स्वच्छतागृह, घाटातल्या मालट्रकांच्या मागची रखडपट्टी आणि मुलाला गाडी लागली तर थांबावे लागणारी दहा मिनिटे या गोष्टी त्या वेळेत धरलेल्या नसतात. वडीलधारे बरोबर असताना मी नेहमी पावणेचार तास धरते. शिवाय या मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने चालू असल्यामुळे कुठे सलग रुंद रस्ता मिळतो, तर कुठे एकदम कडेने काढलेल्या वळणरस्त्यावर उतरावे लागते. निघण्याच्या आठवड्यात जो कोणी त्या वाटेने जाऊन आला असेल त्याला विचारणे हाच त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

सकाळी सहाला निघावे. त्याहून लवकर निघण्याचा मोह होईल, पण पाचला निघाल्यास पहिला दीड तास काळोखात, नदीकाठच्या धुक्यात आणि त्याच उसाच्या ट्रॉल्यांच्या सोबतीने जातो, आणि मिळवलेला तास रत्नागिरीत दुकाने उघडण्याची वाट पाहण्यात खर्च होतो. सहाला निघालात तर वाघबीळ ओलांडेपर्यंत झुंजूमुंजू होते, बांबवडे आणि मलकापूर उजेडात लागतात आणि पावणेआठ-आठपर्यंत तुम्ही आंबा गावात असता. तेथे चहा-नाश्ता करावा, आई-वडिलांना दहा मिनिटे पाय मोकळे करू द्यावेत आणि मगच घाट उतरायला घ्यावा. मुलाला मात्र घाटाआधी पोटभर खायला देऊ नये. थोडे कोरडे खाणे, तोंडात आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा, नजर पुढच्या रस्त्यावर आणि हातात मोबाइल मुळीच नाही, एवढे सांभाळले तर बहुतेक मुलांना गाडी लागत नाही.

घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये राहावे आणि इंजिनाच्या ओढीनेच वेग धरून ठेवावा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळल्यासारखा वास येऊ लागतो आणि मग नेमक्या गरजेच्या वेळी त्यांची पकड कमी पडते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमही आहे आणि रीतही. सकाळी तुम्ही ती द्याल, दुपारी इतर लोक तुम्हाला देतील. घाटात काही वळणांवर मोबाइलचे नेटवर्क जाते, त्यामुळे घरी फोन आंब्यातूनच करून ठेवावा. या रस्त्याची एक चांगली बाजू सहसा कोणी सांगत नाही: सकाळी तुम्ही पश्चिमेला जात असता आणि दुपारनंतर पूर्वेला, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य तुमच्या पाठीमागे राहतो आणि डोळ्यांवर ऊन येत नाही.

घाटाखाली साखरपा, मग नाणीज, आणि पालीला हा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तेथून मुंबईच्या दिशेने थोडे अंतर गेले की हातखंबा लागतो आणि डावीकडे वळून रत्नागिरी. येताना हीच दोन वळणे उलट क्रमाने घ्यायची आहेत हे पत्नीला आधीच सांगून ठेवा, कारण हातखंब्याला चुकून मुंबईकडे वळणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत.

पावणेदहा ते तीन, म्हणजे सव्वापाच तास हाती राहतात. त्यातला सव्वा तास जेवणाचा. उरलेल्या चार तासांत पावस आणि गणपतीपुळे का बसत नाहीत, हे नकाशा उघडून पाहिले की ध्यानात येते: पावस शहराच्या दक्षिणेला सुमारे 18 किलोमीटर, तर गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने उत्तरेला सुमारे 25 किलोमीटर. दोन्हीकडे जायचे तर शहरात परत येऊन पुन्हा उलट दिशेला निघावे लागते, आणि रविवारी देवळातल्या रांगेचा काही भरवसा नसतो. तुमच्या आईंना गणपतीच्या दर्शनाची खरी ओढ असेल, तर रत्नागिरी शहर पूर्णपणे सोडून द्या, हातखंब्याला डावीकडे न वळता सरळ निवळीपर्यंत जा आणि तेथून जाकादेवी, चाफे या वाटेने थेट गणपतीपुळ्याला पोहोचा. तोही एक उत्तम दिवस होईल. तेथे डोंगरालाच देव मानतात आणि प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. गुडघ्यांना ती झेपेल की नाही याचा विचार आधी करावा. समुद्र देवळाला लागूनच आहे, पण फसवा आहे. मुलाला घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ देऊ नये.

तुम्ही रत्नागिरीच निवडलीत, तर माझा क्रम असा राहील. प्रथम भाट्याचा किनारा. सगळे जण समुद्र शेवटी ठेवतात, पण तुम्हाला तीनला निघायचे असल्याने शेवटी ठेवलेला समुद्र भर दुपारच्या उन्हात येईल. शिवाय आठ वर्षांचे मूल समुद्र दिसेपर्यंत दुसरे काही मनापासून पाहत नाही. सकाळी दहा वाजता वाळू तापलेली नसते, किनाऱ्याला लागून सुरूचे बन आहे, त्याच्या सावलीत आई-वडील चटई टाकून निवांत बसू शकतात. तासाभराने मुलाचे कपडे बदलून थिबा पॅलेसकडे यावे.

थिबा पॅलेसला घाईने जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून हिंदुस्थानात आणले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत ठेवले. हा वाडा त्याच्यासाठी बांधून पूर्ण झाला तो 1910 मध्ये, म्हणजे तोवर त्याची जवळजवळ पाव शतकाची कैद भाड्याच्या बंगल्यांत गेली होती, आणि 1916 मध्ये तो येथेच वारला. त्याचे राज्य जेथे होते तो देश त्याने पुन्हा पाहिला नाही. वरच्या मजल्यावरून खाडी आणि समुद्राच्या दिशेला पाहताना लहानपणी मला कायम वाटायचे की, या माणसाने याच जागी उभे राहून किती गलबते येताना-जाताना पाहिली असतील. तुमच्या मुलाला ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे वाडा त्याला नुसती जुनी इमारत वाटणार नाही. आता तेथे शासकीय संग्रहालय आहे. अशी संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे तुमचा रविवार काही कारणाने पुढे ढकलला गेला, तर तो सोमवारवर नेऊ नये.

वेळ उरल्यास टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान पाहावे. 1856 साली टिळकांचा जन्म झाला ते हे कौलारू घर आटोपशीर आहे आणि अर्ध्या तासात पाहून होते. सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजी कीर यांच्या पैशातून 1931 मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिरही शहरातच आहे. तुमच्या वडिलांना त्या काळाच्या इतिहासात रस असेल तर जन्मस्थानानंतर तेथे थांबावे. रत्नदुर्ग मात्र या वेळी सोडा. किल्ला सुंदर आहे, पण चढ-उतार आणि ऊन यांचा त्रास तुमच्या आई-वडिलांना होईल, आणि त्याची भरपाई परतीच्या प्रवासात करावी लागेल.

जेवायला साडेबाराला बसावे. रविवारी एकनंतर चांगल्या खानावळींत जागा मिळायला पाऊण तास लागू शकतो, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. मासे जरूर खा, पण गाडी चालवणाऱ्याने सोलकढीवर भर द्यावा आणि भात बेताने घ्यावा, कारण तीननंतरचा घाट सुस्तावलेल्या डोळ्यांनी चढायचा नसतो. जेवणानंतर वीस मिनिटे गाडीतच डोळे मिटून पडलात, तर ती सबंध दिवसातली सर्वांत उपयोगी वीस मिनिटे ठरतील.

तीनच्या वेळेबद्दल मी एवढी आग्रही का आहे, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन कोल्हापूरला यायला निघाले, तेव्हा नातेवाइकांच्या आग्रहाखातर सूर्यास्त पाहूनच निघालो. घाटात एक मालवाहू ट्रक बंद पडला होता आणि दोन्ही बाजूंनी रांगा लागल्या होत्या. आईला मधुमेह आहे. तिचे जेवण आठच्या सुमारास व्हायला हवे होते आणि आमच्याजवळ फक्त बिस्किटांचा एक पुडा होता. फोन लागत नव्हता, गाडी वळवायला जागा नव्हती. अकरा वाजता आम्ही वर आलो तेव्हा तिचे हात थरथरत होते. त्या रात्रीनंतर मी तीनच्या पुढे रत्नागिरी सोडलेली नाही, आणि गाडीत दशम्या, गूळ, पाण्याच्या चार बाटल्या आणि आईच्या औषधांचा एक जादा डोस नेहमी असतो. तुमच्या आई-वडिलांची रोजची औषधे, ती घेण्याच्या वेळा आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावर लिहून पुढच्या कप्प्यात ठेवा.

पेट्रोल कोल्हापुरातच पूर्ण भरून घ्यावे, टायरमधली हवा आणि ब्रेक आदल्या दिवशी तपासून घ्यावेत, जादा चाकातली हवाही विसरू नये. रोख रक्कम थोडी जवळ ठेवावी. गाडी तुम्ही एकटेच चालवणार असल्याने शनिवारी रात्री दहाच्या आत झोपणे ही तुमची सर्वांत मोठी तयारी आहे. रविवारी सकाळी झोप अपुरी वाटली, तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा.

हीच सहल पावसाळ्यात करायची असेल, तर माझे उत्तर नाही असे आहे. जुलै 2021 मध्ये दरडी कोसळून आणि रस्ता खचून आंबा घाट बंद पडला होता. घाट चालू असला तरी पंचगंगेला पूर आला आणि रेडे डोह फुटला, म्हणजे त्या जागी नदी पात्राबाहेर पडली, की कोल्हापूरजवळच्या केर्लीपाशी रस्त्यावर पाणी येते, आणि तुम्ही रत्नागिरीहून सुखरूप घाट चढून आलात तरी कोल्हापूर समोर असताना अडकून पडता. अशा वेळी अ‍ॅप अणुस्कुरा किंवा गगनबावड्याची वाट सुचवील. ती वाट चुकीची नाही, पण अनोळखी घाट अंधारात, पावसात आणि आई-वडिलांसह पहिल्यांदाच चढण्यापेक्षा रत्नागिरीत मुक्काम करून सकाळी निघावे.

जाण्याची तारीख ठरली की कळवा. त्या आठवड्यात माझे जाणे झाले, तर रस्ता कुठे खोदलेला आहे ते मी याच उत्तरात भर घालून लिहीन.