कॅमेरे बंद असलेला तास

प्रश्न : मी एम.कॉम.ला सांख्यिकी शिकवते. बरेच विद्यार्थी नोकरी करणारे, म्हणून शनिवारचे दोन तास आम्ही ऑनलाइन घेतो. पटावर 58 जण, हजर साधारण 40, आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. ‘समजलं का?’ विचारलं की दोन-तीन ‘यस मॅम’ येतात, बाकी शांतता. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. कॅमेरा सुरू नसेल तर हजेरी नाही, असा नियम करावा का?
– एक प्राध्यापिका, सांगली जिल्हा

उत्तर : हा नियम करू नका. मी तो केला होता, म्हणून कळकळीने सांगते.

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली आणि मी साताऱ्यातल्या घरून गूगल मीटवर बी.एस्सी.चे तास घेऊ लागले. डब्यांच्या दोन चळती, त्यांवर आडवा मोबाइल, खाली वही. पहिल्याच आठवड्यात कॅमेरा सक्तीचा केला. पाटण तालुक्यातली एक मुलगी दोन दिवस दिसली, तिसऱ्या दिवसापासून गायब. फोन केला तेव्हा कळलं, घरात रेंज नाही म्हणून ती गोठ्यामागच्या चढावर बसते. रोजचा दीड जीबी डेटा दोघा भावंडांत. व्हिडिओ लावला की माझा आवाज तुटतो. शिवाय मागून येणारं-जाणारं सगळ्यांना दिसतं, त्याचा संकोच. ‘मॅडम, मी ऐकते, लिहूनपण घेते,’ म्हणाली आणि वहीचे फोटो पाठवले. एक पायरी सुटलेली नव्हती. त्याच दिवशी मी सक्ती काढून टाकली.

लॉगिन करून झोपणारेही असतात, नाही असं नाही. पण कॉलेजात आपण बाकांमधून फिरतो ते वह्यांत डोकावायला. ऑनलाइन तासात नेमकं तेच हरवतं, आणि कॅमेरा लावून ते परत येत नाही.

म्हणून मी गणित द्यायला लागले. 40, 45, 50, 55, 60 या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप) काढा, पायऱ्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त मला पाठवा. पाच मिनिटं मी गप्प. फोटो आले तर 11 जणांचं उत्तर शून्य! सरासरी 50 बरोबर, प्रत्येकाचा फरकही बरोबर. पण वर्ग न करताच बेरीज केलेली, त्यामुळे अधिक-उणे एकमेकांत गेलेले. ‘समजलं का?’ला यातल्याच काहींनी ‘यस मॅम’ लिहिलं होतं. मग उरलेला सगळा वेळ मी फरकांचे वर्ग का करायचे एवढंच शिकवलं. शेवटी 7.07 या बरोबर उत्तरावर सगळे आले.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही बघा. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरून करता येतात, तिथली व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, सवडीने बघता येतात. मग आठवडाभर नोकरी करून थकलेल्या मुलाने शनिवारी ठरल्या वेळी तुमच्यासमोर का बसायचं? त्याचं कुठे चुकतंय ते त्याच क्षणी कोणी सांगावं म्हणून. नुसतं व्याख्यान असेल तर ते रेकॉर्ड करून आधी पाठवा आणि तास गणितांसाठी ठेवा.

येत्या शनिवारी ‘समजलं का?’ विचारू नका. एक गणित द्या आणि थांबा. ती पाच मिनिटं फार लांब वाटतील, तरी मध्ये बोलू नका. मुलं आकडेमोड करत असतात. किती फोटो आले ते मला जरूर कळवा.