ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल तर गर्भपातानंतर पगारी रजा मिळते का? किती दिवसांची?

मिळते ताई. सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, पूर्ण रोजाच्या हिशोबाने. बाळंतपणाचे २६ आठवडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

२०२१ साली चौथ्या महिन्यात माझं गेलं. नवव्या दिवशी मी कामावर. पॅकिंग लाईनला आठ तास उभं राहायचं. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कँटीनच्या बाकावरून उठले तर मागे डाग. शेजारच्या ताईंनी आपला ॲप्रन सोडून माझ्या कमरेला बांधला आणि म्हणाल्या, "रजा का नाही टाकलीस? पैसे मिळतात अगं." त्याच मला ईएसआयच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड बघून सर्टिफिकेट दिलं. कामावर गेले ते दिवस वजा झाले, बाकीचे पैसे खात्यात आले.

घरी जाऊबाई म्हणाल्या, "गेलेल्या जिवाचे पैसे कुणी घेतं का?" तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते. ते पैसे बाळाचे नव्हते, माझ्या बुडालेल्या रोजाचे होते. दर महिन्याला माझ्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. भाऊजींचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा याच ईएसआयच्या पैशांवर घर चाललं, आणि चालायलाच हवं होतं. मग बाईच्या पोटाचं दुखणं तेवढं वेगळं कसं? अंगावरून जात असताना उभं राहून खोकी भरायची, हे मला आजही पटत नाही.

गर्भ आपोआप गेला किंवा कायद्यात बसतं तसा पाडून घेतला, दोन्हीला ही रजा आहे. लग्न झालंय का, हा प्रश्नच त्यात येत नाही. सुपरवायझर "मूल नाही तर रजा कसली" म्हणाला तर वाद घालत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

हां, आधीच्या दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. कंत्राटदाराकडे असाल तर तो खरंच भरतोय का ते बघून घ्या, नुसत्या पगारस्लिपवर विसंबू नका. आणि खाजगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट यांच्या मूळ प्रती कंपनीत देऊ नका, झेरॉक्स द्या.