बार तिचा तिलाच भरू दे

बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा फ्रेंडशिप गावच्या ठासणीच्या बंदुकांच्या रेंजवरून परतताना तू गाडीत गप्प होतीस. मागे तुझी नऊ वर्षांची लेक 'मलाही शिकायचंय' म्हणून भुणभुण करत होती आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. रात्री तुझा मेसेज आला. हो म्हणावंसं वाटतं, पण तिच्या शाळेतली, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून दारं लावून अंधारात बसायची ती ड्रिल आठवते, आणि हो म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची?

बंदूक द्यावी की नाही यावर मी लिहीत बसणार नाही. तुला ते नको असतं तर तू तिला सिनसिनाटीहून इंडियानात, त्या ओढ्याकाठच्या रेंजवर आणलंच नसतंस. सुरुवातीचं मात्र सांगतो, आणि एकच सांगतो: बार तिचा तिलाच भरू दे.

ठासणीच्या बंदुकीत चाप ओढणं हा सगळ्यात छोटा भाग. मोजून दारू ओतायची, नळीच्या तोंडावर तेलाचा सुती तुकडा, त्यावर शिशाची गोळी, मग गजाने खाली ढकलायची ती पार दारूवर टेकेपर्यंत. उडायला क्षण लागतो, भरायला दोन मिनिटं. खेळ त्या दोन मिनिटांत आहे. ती तू घेतलीस तर पोरीच्या वाट्याला नुसता आवाज आणि धूर.

माझ्या मुलाची ती दोन मिनिटं मी घेतली. तो दहाचा होता. सामन्यात वेळ बांधलेली, त्याचे हात लहान, गज मध्येच अडकायचा. म्हणून मी भरायचो आणि तयार बंदूक त्याच्या हातात द्यायचो. नेम सुरेख होता त्याचा. त्याची टार्गेटं मी फ्रिजवर लावायचो, आल्यागेल्याला दाखवायचो. तेराव्या वर्षी एका शनिवारी म्हणाला, 'बाबा, आज मी भरतो.' भरलं त्याने. मी पाहिलं तर गज नळीबाहेर नेहमीपेक्षा चार बोटं वर. गोळी अर्ध्यात राहिली होती. खाली दारू, वर गोळी आणि मधे पोकळी अशा स्थितीत बार उडवला तर नळी फाटू शकते. मी सगळ्यांदेखत ओरडलो. त्याने बंदूक रॅकवर ठेवली, गाडीत जाऊन बसला, आणि पुन्हा कधी रेंजवर आला नाही.

तू म्हणशील, काका, ओरडायलाच हवं होतं. हवंच होतं! त्या क्षणी दुसरं काही करता आलं नसतं. आणि मी काही एकटा नव्हतो, रांगेतले कितीतरी बाप मुलांचे बार भरून देत होते. आठवडाभर शिफ्ट करून शनिवारी पहाटे उठून मीच त्याला न्यायचो, ते काही पदकांसाठी नाही. हे सगळं खरं आहे. पण गज कुठवर उतरायला हवा हे त्याच्या हातांना तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं.

मला स्वतःला कुणी शिकवलं, तर आजोबांनी. राजापूरजवळच्या आमच्या गावी रानडुकरं भात उकरायची, म्हणून त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालत. चापाला मला कधी बोट लावू दिलं नाही, पण बार भरताना समोर बसवायचे. म्हणायचे, गजाचा आवाज ऐक. गोळी उतरत असते तोवर मऊ, टेकली की टणक. 'फुसका बार' हा शब्दही मी तिथेच डोळ्यांनी पाहिला. दारू पेटवणारी तांब्याची छोटी टोपी फुटली, बार उडाला नाही, आणि आजोबा बंदूक तशीच बांधाकडे रोखून उभे राहिले, कारण दारू उशिरानेही पेट घेते. असं झालं तर तूही पूर्ण मिनिटभर तशीच थांब, नळी टार्गेटकडे. लेक तुझ्याकडे बघून शिकेल, सांगून नाही.

तर पॉइंट छत्तीस कॅलिबरची, म्हणजे बारीक नळीची, हलकी रायफल घे आणि नळी टेकूवर ठेव. नऊ वर्षांच्या खांद्याला लांब नळी पेलत नाही. थ्री-एफ, म्हणजे बारीक दाण्याची, दारू २० ग्रेन पुरे, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. दारू कायम मापातून, ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर हातातलं शिंगच पेटेल. आणि काळी दारू म्हणजे काळीच. आधुनिक बिनधुराची पूड या नळीत चिमूटभरही जाता कामा नये. गजावर खूण करून ठेव, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. खूण रोज तिनेच बघून तुला सांगायची. डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ, दोघींच्याही.

तांब्याची टोपी मात्र तुझ्या खिशात. टोपी नाही तर बार नाही. ती रांगेत उभी राहिली, नळी पुढे झाली, खूण बरोबर जुळली, की मगच टोपी तिच्या तळहातावर. एवढं सोडून बाकी सगळं तिचं. तुझे हात शिवशिवतील. पाठीमागे बांधून ठेव!

एखाद्या दिवशी ती दारू ओतायलाच विसरेल आणि गोळी आधी ठासेल. सगळ्यांचंच होतं, माझं अजूनही होतं. गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायला वेळ लागतो, मागचे लोक बघत राहतात, आणि तिला रडू येईल. येऊ दे. ही चूक कुणाला इजा करत नाही, ती तिला करू दे. अर्ध्यात राहिलेली गोळी ही चूक वेगळी, तिथे ताबडतोब थांबव. पण आवाज न चढवता. हे मी लिहितोय, म्हणजे ते ओरडणं मला केवढ्याला पडलं ते तुला कळेल.

घरी आल्यावर नळी गरम साबणाच्या पाण्याने तिनेच धुवायची. राखेला ओल धरायची सवय, एका रात्रीत गंज चढतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो गंधकाचा. तुझ्या नवऱ्याला बंदूक आवडत नाही असं तू म्हणालीस, पण तो केमिस्ट्रीवाला ना? मग हे धुणं आणि त्यामागचं सांगणं त्याच्याकडे दे. ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या दारूसाठी बराच सोरा पाटण्याकडून गंगेतून होड्यांनी जायचा, हे तिला नकाशावर दाखवायला सांग. दोन आठवड्यांत तोही रेंजवर येईल. आला नाही तरी घरात या खेळावर बोलणं होईल. माझ्याकडे ते कधी झालं नाही. सगळं रेंजवरच राहिलं.

मुलगा आता सिअ‍ॅटलला असतो. रविवारी फोन करतो, हवेचं बोलतो, नातवाच्या शाळेचं बोलतो. त्याची छत्तीस कॅलिबरची रायफल माझ्या बेसमेंटमध्ये आहे, दर दसऱ्याला तेल लावतो. मागच्या महिन्यात त्याला विचारलं, एका मुलीला वापरायला देऊ का? म्हणाला, 'द्या, पण बाबा, भरू तिलाच द्या.'

शनिवारी नऊ वाजता ती घेऊन येतो. तू जुना सुती अभ्रा आण, तुकडे कापायला लागतील. तिला नायलॉनचं जाकीट नको, ठिणगीने वितळतं. आणि शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय सँडविच मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
काका